बेटावरची कंपनी आणि घरातली सही

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कोल्हापूरला धाकट्या जाऊबाईंकडे गेले होते. वाण लुटून झाले, बायका पांगल्या, आणि मी पदर खोचून कपबशा विसळायला घेतल्या. तेवढ्यात ती आतून एक जाडजूड फाईल घेऊन आली. ओट्याच्या कोरड्या कोपऱ्यावर ठेवत म्हणाली, "ताई, हे जरा बघता का? उद्या सकाळी सही द्यायची आहे. हे म्हणतात, नुसती सही तर आहे."

मैत्रिणींनो, 'नुसती सही तर आहे' हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकले असेल. भागीदारीच्या कागदावर, कर्जाच्या जामिनावर, फ्लॅटच्या करारावर. पोळी तव्यावर असते, समोर कागद येतो, आणि बोट ठेवलेल्या जागी आपण नाव लिहून मोकळ्या होतो. मीही केले आहे, खोटे कशाला सांगू?

ही फाईल होती मॉरिशसची. आमच्या भावजींचा उद्यमनगरात लहानसा कारखाना आहे. पंपाचे सुटे भाग तिथे तयार होतात, आणि गेली काही वर्षे त्यातला बराच माल केनिया, टांझानिया, मादागास्कर इकडे जातो. मुंबईच्या कुणा सल्लागाराने त्यांच्या मनात भरवून दिले होते की मॉरिशसमध्ये एक कंपनी काढायची, माल कागदोपत्री तिला विकायचा आणि तिने तो पुढे आफ्रिकेत विकायचा. "इथं पंचवीस टक्के कर भरता, तिथं तीन टक्के भराल. माल बेटावर उतरवायची सुद्धा गरज नाही. आणि संचालक म्हणून वहिनींचं नाव घाला, बरं पडतं." वहिनींचेच नाव का, आणि ते कुणाला बरे पडते, याचे उत्तर फाईलमध्ये कुठेच नव्हते.

मी तिला इतकेच म्हटले, "आठ दिवस थांब. सही काही पळून जात नाही." आठाचे पुढे साठ दिवस झाले ती गोष्ट वेगळी.

घरी आल्यावर मीच या विषयाच्या मागे लागले. माझे एक मावसभाऊ सी.ए. आहेत, त्यांना फोन करकरून हैराण केले. शिवाय मॉरिशस मी एकदा पाहिलेले होते. पण सहलीला गेलेल्या बाईला समुद्र दाखवतात, देवळे दाखवतात, कंपन्यांची ऑफिसे कोण दाखवणार? वाचत गेले तशी एक गोष्ट लक्षात आली आणि ती आधीच सांगून टाकते. आपल्याकडे 'परदेशातली कंपनी' म्हटले की लगेच काळ्या पैशाचा वास येतो. तसे सरसकट नाही. लहानशा बेटावर धंद्याचे ठाणे ठेवण्याचे फायदे खरे आहेत, आणि जगातले मोठमोठे धंदे ते उघडपणे घेतात. फक्त ते फायदे कुणाला मिळतात आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे माहितीपत्रकात नीट छापलेले नसते.

उसाच्या बेटावर शिवणयंत्रे

मॉरिशसचे मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पाव भागाएवढे. वस्ती साडेबारा लाखांच्या आसपास. खाली तेल नाही, खनिज नाही. होता तो ऊस. १८३४ पासून गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. ती ज्या दगडी पायऱ्यांवरून बेटावर चढली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थान आहे. त्यांच्या वंशजांच्या घरी गणपती बसतो आणि गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते! विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या बायका क्रिओल बोलत होत्या आणि आरती मराठीत म्हणत होत्या, ते पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. असो, हे विषयांतर झाले.

देश स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ ला. त्याआधी सात वर्षे, १९६१ मध्ये, जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञांनी बेटाचा अभ्यास करून फार निराशेचे भाकीत केले होते. लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे, काम नाही, शांततेने प्रगती होणे कठीण, असे त्यांचे म्हणणे. मीड साधे गृहस्थ नव्हते, पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला.

तो कसा चुकला हे आपण बायकांनी मुद्दाम जाणून घ्यावे असे आहे. एवढ्याशा देशात कारखाना काढला तर माल विकायचा कुणाला? घरच्या बाजारपेठेवर भागत नाही, म्हणजे जगाला विकल्याखेरीज गत्यंतर नाही. तेव्हा १९७० मध्ये तिथल्या सरकारने निर्यात करणाऱ्या कारखान्यांसाठी खास कायदा केला. कच्चा माल जकातीशिवाय आणा, काही वर्षे कर देऊ नका, नफा मायदेशी न्या, पण माल मात्र बाहेर विका. या कल्पनेचा पाठपुरावा एदुआर लिम फात या तिथल्याच प्राध्यापकांनी केला होता. तैवानमध्ये त्यांनी असा प्रयोग पाहिला होता.

हाँगकाँगचे कापडवाले आले. ते बेटाच्या प्रेमापोटी आले नव्हते. त्या काळी युरोप-अमेरिकेत कुठल्या देशातून किती कपडे यायचे याचा कोटा ठरलेला असे. हाँगकाँगचा कोटा भरला की दार बंद, आणि मॉरिशसचा मोकळा. शिवाय १९७५ च्या लोमे करारामुळे मॉरिशसचा माल युरोपात जकातीशिवाय जाई. म्हणजे बेटाने विकले काय, तर आपल्या नावाचा शिक्का. कापड बाहेरचे, यंत्रे बाहेरची, गिऱ्हाईक बाहेरचे. बेटाची होती ती माणसे आणि तो शिक्का.

आणि शिवणयंत्रांवर बसल्या त्या बहुतेक बायका. उसाच्या शेतात नाहीतर चुलीपुढे जन्म काढणाऱ्या घरांतल्या मुली पहाटेच्या बसने कारखान्यात जाऊ लागल्या आणि महिनाअखेर स्वतःच्या हातात पगार घेऊ लागल्या. पगार पुरुषांपेक्षा कमी ठरवलेला होता आणि जादा तासांची सक्ती होती, हेही खरे. तरी घरातला त्यांचा आवाज बदलला. एके काळी पाचातला एक माणूस बेकार असणाऱ्या देशात ऐंशीच्या दशकाअखेर कामाला माणसे कमी पडू लागली.

मग २००५ चा जानेवारी उजाडला. जगभरातली कापडाची कोटापद्धत संपली. आता हाँगकाँगवाल्यांना मॉरिशसच्या शिक्क्याची गरज उरली नाही. कारखाने एकामागून एक बंद झाले आणि वीस-वीस वर्षे यंत्रावर बसलेल्या, चाळिशीत आलेल्या बायका घरी बसल्या. नवे काम शिकायचे वय गेलेले आणि मुलांची शिक्षणे अर्धी. ही गोष्ट मी जाऊबाईंना सांगितली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

दारावरच्या पाट्या

कापडाच्या जोडीला बेटाने दुसरा धंदा आधीच सुरू केला होता. तो आपल्या देशाशी थेट जोडलेला आहे.

१९८२ मध्ये भारत आणि मॉरिशस यांच्यात करार झाला, एकाच उत्पन्नावर दोन्ही देशांनी कर घेऊ नये असा. एकाच दुधावरची साय दोन घरांनी काढायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ठरले की मॉरिशसच्या रहिवाशाने भारतीय कंपनीचे शेअर विकून नफा मिळवला तर कर घ्यायचा तो मॉरिशसने. आणि मॉरिशसमध्ये असल्या नफ्यावर करच नाही! म्हणजे साय कुणीच काढायची नाही.

दहा वर्षे या कलमाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. १९९२ मध्ये आपण परदेशी गुंतवणूक संस्थांना शेअरबाजार खुला केला, आणि त्याच वर्षी मॉरिशसने परदेशात धंदा करणाऱ्या कंपन्यांसाठी खास कायदा केला. मग काय विचारता! अमेरिकेतला पैसा भारतात यायचा तर वाटेत मॉरिशसला एक कंपनी काढून यायचा. एप्रिल २००० पासून आपल्याकडे जी परदेशी थेट गुंतवणूक आली, तिच्यातली सुमारे पाव मॉरिशसच्या नावावर आहे. साडेबारा लाख माणसांकडे एवढा पैसा कुठला? तो त्यांचा नव्हताच, फक्त त्यांच्या अंगणातून आला.

याला आपल्याकडे आक्षेप घेतला गेला, कोर्टकज्जे झाले. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार आहे तसा पाळला पाहिजे. शेवटी १० मे २०१६ ला करारच बदलला. १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर भारतही कर घेतो. ती जुनी पळवाट बुजली.

लहान देशाला हे असे का परवडते, हा प्रश्न मला पडला होता. मावसभावांनी दिलेले उत्तर मला पटले. मोठ्या देशाने कर तीन टक्क्यांवर आणला तर स्वतःच्याच लाखो कंपन्यांकडून येणारे उत्पन्न बुडते. बेटावर मुळात कंपन्याच कमी, बुडायचे काय? उलट बाहेरच्या हजारभर कंपन्या आल्या की परवान्याची फी येते, वकील लागतात, हिशेबनीस लागतात, बँकांना काम मिळते. मॉरिशसच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण आठवा हिस्सा आज अशा आर्थिक सेवांतून येतो. एबेन नावाच्या जागी काचेच्या उंच इमारतींची वसाहतच उभी आहे. सहलीच्या बसमधून मी ती पाहिली होती, आणि मला वाटले होते की ही मोठी हॉटेले असतील!

पण या धंद्याची दुसरी बाजूही पाहा. कॅरिबियन समुद्रात केमन बेटे आहेत, तो स्वतंत्र देश नाही, ब्रिटनच्या ताब्यातला प्रदेश आहे. तिथे उग्लंड हाऊस नावाची पाच मजली इमारत आहे. अमेरिकी सरकारच्या तपासनीसांनी २००८ मध्ये मोजले तर त्या एका पत्त्यावर १८,८५७ संस्थांची नोंद निघाली. इतक्या कंपन्यांना नुसत्या खुर्च्या मांडायच्या म्हटल्या तरी इमारत पुरायची नाही. अशा कंपनीला पाटीची कंपनी म्हणायला हरकत नाही. दारावर पाटी असते आणि आत कुणी नसते.

जगाने यावर डोळे वटारले. मॉरिशसलाही त्याचा चटका बसला. फेब्रुवारी २०२० मध्ये पैशाच्या गैरव्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला करड्या यादीत घातले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय संघाच्या जोखमीच्या यादीतही नाव गेले. अशा यादीत नाव आले की साधा पैसा पाठवायचा तरी बँका दहा प्रश्न विचारतात. करड्या यादीतून सुटका ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली.

त्याआधीच, १ जानेवारी २०१९ पासून, बेटाने स्वतःचे नियम कडक केले होते. आता परदेशी धंद्याचा परवाना हवा तर किमान दोन संचालक तिथे राहणारे हवेत, मुख्य बँकखाते तिथले हवे, हिशेबाची पुस्तके आणि तपासणी तिथली हवी. आणि मुख्य म्हणजे ज्या कामातून पैसा मिळतो ते काम बेटावर व्हायला हवे, त्यासाठी योग्य माणसे नेमलेली हवीत. नुसती पाटी लावून आता भागत नाही. जाऊबाईंच्या फाईलमध्ये याबद्दल एक ओळ होती, तीही शेवटच्या पानावर, बारीक टायपात.

मग खरा फायदा कशात?

कर बाजूला ठेवून पाहिले तर बेटाची बाजू मला जास्त पटली. तिथे सरकारी कारभार इंग्रजीत चालतो आणि रस्त्यावर, बँकेत, गोदीत फ्रेंच आणि क्रिओल बोलतात. आमच्या भावजींचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक मादागास्करचा, आणि तो फ्रेंच बोलणारा. त्याच्या पत्राचा अर्थ लावायला इथे चार दिवस जातात. तिथल्या ऑफिसातली साधी कारकून मुलगी दोन्ही भाषा सफाईने लिहिते. वेळही सोयीची, आपल्या घड्याळापेक्षा फक्त दीड तास मागे.

कायद्याचीही गंमत आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून जिंकले, पण फ्रेंच कायदे आणि चालीरीती राहू दिल्या. म्हणून आजही दिवाणी कायद्याचा गाभा फ्रेंच आहे आणि कंपनीचा कायदा इंग्रजी वळणाचा. तंटा विकोपाला गेला तर शेवटचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाते. आफ्रिकेतल्या आणि युरोपातल्या दोन अनोळखी व्यापाऱ्यांना करार करायचा असला की दोघांनाही त्या न्यायालयाचा भरवसा वाटतो. सरकारे मतपेटीतून बदलतात, १९८२ मध्ये बदलले, २०२४ मध्येही. डॉलर आणायला आणि न्यायला १९९४ पासून आडकाठी नाही.

आणि आहे 'फ्रीपोर्ट', म्हणजे जकात न भरता माल ठेवायची गोदामे. १९९२ मध्ये ती योजना सुरू झाली. कोल्हापूरहून पंपाच्या भागांचा पूर्ण कंटेनर तिथे न्यायचा, गोदामात ठेवायचा आणि मादागास्कर, रियुनियन, कोमोरोस, सेशेल्स इथल्या लहान गिऱ्हाइकांना लागेल तसा थोडा थोडा पाठवायचा. एका वेळी पन्नास नग मागणाऱ्याला इथून कंटेनर पाठवता येत नाही म्हणून भावजींनी आजवर किती ऑर्डरी नाकारल्या असतील, ते त्यांनाच ठाऊक!

मॉरिशस आफ्रिकेतल्या दोन मोठ्या व्यापारसंघांचा सभासद आहे, त्यामुळे तिथला माल कमी जकातीत पुढे जातो. पण इथे एक मेख आहे. नुसता गोदामात ठेवल्याने माल मॉरिशसचा होत नाही. तिथे त्यावर ठरावीक काम व्हावे लागते, जुळणी व्हावी लागते, तेव्हा तो तिथला धरतात.

म्हणजे फिरून गाडी तिथेच येते. जो तिथे खरोखर गोदाम घेईल, माणूस बसवील, गिऱ्हाईक सांभाळील, त्याला बेट भरभरून देते. कागद फिरवणाऱ्याला पूर्वी पुष्कळ मिळत होते, आता फार थोडे मिळते.

आणि आपल्या घराचे काय?

हे मी जरा सावकाश लिहिते, कारण यातले बरेचसे मलाच माहीत नव्हते.

सल्लागाराचे तीन टक्के अगदीच खोटे नव्हते. निर्यातीच्या नफ्यावर तिथे २०१७ पासून ३ टक्के कर ठेवला, आणि माल बेटावर न उतरवता एका देशातून परस्पर दुसऱ्या देशात विकला तरी ती निर्यात धरतात. अलीकडे वर आणखी काही कर बसले आहेत, ते सोडून देऊ. पण तो नफा घरी आणायचा म्हटला की काय? बेटावरच्या कंपनीने जाऊबाईंना लाभांश दिला की तो त्यांच्या इथल्या उत्पन्नात मिळतो आणि आपल्या दराने त्यावर कर लागतो, वरच्या टप्प्यात तीस टक्के आणि वर अधिभार. म्हणजे बचत होते ती पैसे बेटावर राहतील तोवर. ज्याला मुलीचे लग्न इथे करायचे आणि घराचे हप्ते इथे फेडायचे, त्याने बेटावर पैसे ठेवून करायचे काय?

दुसरे, कोल्हापूरच्या कारखान्याने स्वतःच्याच बेटावरच्या कंपनीला माल कितीला विकायचा? मनात येईल तितक्याला नाही. परक्या गिऱ्हाइकाला जो भाव लावला असता तोच लावावा लागतो, आणि तसा सी.ए.चा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. इथे भाव पाडून तिथे नफा दाखवणे, हे आयकर खाते पहिल्यांदा तपासते. मोठ्या कंपन्यांना आणखी एक नियम आहे. कंपनी परदेशात नोंदलेली असली तरी तिचे खरे निर्णय भारतात बसून होत असतील तर तिला भारतीयच धरतात. वर्षाची उलाढाल ५० कोटींपर्यंत असेल तर हा नियम लावत नाहीत. भावजी त्यातून सुटतात. पण भावाच्या नियमातून कुणी सुटत नाही.

आता सहीबद्दल. बायकांनो, हे मात्र नीट वाचा. परदेशात कंपनीचे शेअर तुमच्या नावावर असले, किंवा तिथल्या बँकखात्यावर *नुसता सहीचा अधिकार* तुम्हाला असला, तरी ते तुमच्या आयकर विवरणपत्रात लिहावे लागते. खात्यातला पैसा तुमचा नसला तरीही. आणि तुमचे उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरावेच लागते. 'मी तर घरीच असते, मला कसला इन्कमटॅक्स' हे इथे चालत नाही. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याने ही माहिती न देणाऱ्याला १० लाख रुपये दंड ठेवला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून जमीनजुमला सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला त्यातून सूट आहे. उत्पन्नच लपवले तर त्यावर ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड, आणि जाणूनबुजून लपवले असे ठरले तर तुरुंगवास सुद्धा.

कुणाला कळणार, असेही कुणी म्हणेल. मॉरिशस २०१८ पासून परदेशी लोकांच्या बँकखात्यांची माहिती त्यांच्या त्यांच्या देशांना आपणहून पाठवते. तिथल्या बँकेला तुमचा पॅन नंबर दिलेला असतो, तो काही फ्रेमला लावायला नसतो.

मी हे सगळे लिहून काढले आणि जाऊबाईंना पोस्टाने पाठवले. फोनवर सांगितले असते तर तिच्या घरात कुणीतरी 'ताईंना काय कळतं' म्हणून उडवून लावले असते. कागदाला जरा वजन असते. एका रविवारी जेवणे झाल्यावर तिने ती पाने भावजींपुढे ठेवली आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिथे काम कोण करणार? दोन संचालक तिथले म्हणता, ते कोण, आणि त्यांना पगार किती? वर्षाचा सगळा खर्च धरून किती उरेल? खात्यावर माझी सही कशाला, तुमची का नको?

भावजी चिडले. साहजिकच होते, त्यांनी आगाऊ रक्कम देऊन ठेवली होती. दोन दिवस घरात बोलणे नव्हते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच सल्लागाराला तेच प्रश्न विचारले. त्यावर "असं कुणी विचारत नाही हो" असे उत्तर आले. भावजी तसे शहाणे आहेत, त्यांना तेवढे पुरले. हिशेब मांडला तर परवाना, तिथले संचालक, हिशेबतपासणी यांचा खर्च सहज काही लाखांत जात होता आणि वाचणारा कर, पैसे घरी आणायचे तर, त्याहून फार जास्त नव्हता.

पण गोदामाची गोष्ट भावजींच्या डोक्यात राहिली. त्यांचा थोरला मुलगा इंजिनिअर झालाय, पुण्यात नोकरीत त्याचे मन रमत नव्हते. तो पदरचे पैसे घालून पंधरा दिवस पोर्ट लुईला जाऊन आला. गोदामे पाहिली, मादागास्करच्या त्या गिऱ्हाइकाला तिथे बोलावून भेटला. परत आला तो ठरवूनच. रीतसर कामाचा परवाना काढून तो आता तिथे राहतो. कंपनी निघाली, तिचा एक संचालक तो, दुसरा तिथलाच एक हिशेबनीस. पैसे बँकेमार्फत, रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसवून, सांगून सवरून पाठवले. दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत अहवाल द्यायचा आहे, ती तारीख भावजींनी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवली आहे.

जाऊबाईंच्या नावावर काही शेअर आहेत, तिच्या माहेरच्या पैशातून घेतलेले. ते तिच्या विवरणपत्रात लिहिलेले आहेत आणि ती प्रत तिने स्वतःजवळ ठेवली आहे, दागिन्यांच्या डब्याखाली. बँकखात्यावर तिची सही नाही.

रोज रात्री आठला ती मुलाला फोन करते. तिकडे साडेसहा वाजलेले असतात. बहुतेक वेळा तो अजून गोदामातच असतो आणि मागून फ्रेंचमध्ये कुणीतरी खोक्यांचे आकडे मोजत असते. परवा मला सांगत होती, "ताई, आकडे मला पाठ झालेत. वीसपर्यंत येतं आता."